म्बारेतल्या आज्यांचं बाकडं

झिंबाब्वेची राजधानी हरारे. तिथली म्बारे ही कष्टकऱ्यांची जुनी वस्ती. देशभर जाणाऱ्या बसगाड्यांचा मोठा थांबा तिथेच, भाजीमंडई तिथेच, जुन्या कपड्यांचा अफाट बाजारही तिथेच. २००५ च्या मे महिन्यात सरकारने म्बारेसह शहरांमधली ‘बेकायदा’ घरं आणि टपऱ्या पाडायला घेतल्या. संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीनुसार सुमारे ७ लाख माणसांचं घर, पोटापाण्याचं साधन किंवा दोन्ही गेलं.

त्याच वर्षी मानसोपचारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांच्या एका तरुण रुग्ण स्त्रीने आत्महत्या केली. तिला शहरातल्या रुग्णालयात का आणलं नाही, असं त्यांनी तिच्या आईला विचारलं. बसभाड्याला लागणारे १५ डॉलर घरात नव्हते. ही हकिकत चिबांडांनी पुढे जाहीर व्याख्यानांतून सांगितली आहे. सव्वा कोटीच्या देशात तेव्हा मानसोपचारतज्ज्ञ जेमतेम दहा-बारा होते. रुग्णाने डॉक्टरकडे यावं ही व्यवस्थाच गरिबाच्या आवाक्याबाहेरची आहे, हे त्यांच्या मनाने घेतलं.

२००६ मध्ये त्यांनी म्बारेच्या दवाखान्यात काम सुरू करायचं ठरवलं. परिचारिकांना सवड नव्हती आणि रिकामी खोलीही नव्हती. मिळाल्या त्या १४ आज्या. या बायका आधीपासून पालिकेच्या आरोग्यसेविका होत्या. क्षयाच्या रुग्णांना औषधं वेळेवर घ्यायला लावणं, एचआयव्हीबाधितांच्या घरी जाणं, स्वच्छतेबद्दल सांगत फिरणं ही त्यांची रोजची कामं. शाळा बेताचीच झालेली, पण वस्तीतलं कोणतं घर कशाने खचलंय हे त्यांना ठाऊक होतं. खोली नाही म्हणून दवाखान्याच्या आवारात झाडाखाली लाकडी बाकडं टाकलं. चिबांडांनी त्याला आधी मानसिक आरोग्याचं बाकडं म्हटलं, तेव्हा त्यावर कुणी येऊन बसेना. या नावाने माणसं बिचकतात, मैत्रीचं बाकडं म्हणा, असं आज्यांनीच सुचवलं.

आज्यांची दुसरी दुरुस्ती मला अधिक मोलाची वाटते. म्बारेतली बाई ‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणत नाही. ती म्हणते, कुफुंगिसिसा: फार विचार होतोय, डोक्यातलं थांबत नाही. आज्यांनी बोलायला हीच भाषा घेतली. मन मोकळं करणं, उभारी देणं, बळ देणं अशा तीन पायऱ्यांनाही तिथल्या शोना भाषेतलीच नावं दिली.

इथे या गोष्टीचा धागा गोव्याशी जुळतो. बाकड्यावर आलेल्या माणसाला सुरुवातीला चौदा प्रश्न विचारतात. झोप लागत नाही का, रडू येतं का, क्षुल्लक गोष्टींनी दचकायला होतं का, कामात मागे पडताय का, जीव द्यावासा वाटला का. उत्तर फक्त हो किंवा नाही. ही शोना प्रश्नावली १९९०च्या दशकात हरारेत तयार झाली, आणि ती घडवणाऱ्यांमध्ये मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल हे प्रमुख होते. लोक आपलं दुःख कोणत्या शब्दांत सांगतात, हे त्यांनी तिथल्या रुग्णांकडून, परिचारिकांकडून आणि पारंपरिक वैदूंकडून समजून घेतलं होतं. याच पटेलांनी १९९६ मध्ये सहकाऱ्यांसह गोव्यात ‘संगथ’ ही मानसिक आरोग्याचं काम करणारी संस्था उभी केली.

प्रश्नोत्तरं झाली की आजी ऐकत बसते. घरभाडं थकलंय, नवरा मारतो, एचआयव्हीचं निदान झालंय आणि सासरी सांगायची छाती होत नाही, असं सगळं एकदम बाहेर येतं. मग त्यातली एकच अडचण निवडायची. निवड आजीने करायची नाही, समोरच्या माणसाने करायची. त्या अडचणीवर येत्या आठवड्यात काय करता येईल ते दोघांनी मिळून ठरवायचं, अगदी कुठे जायचं आणि कुणाशी काय बोलायचं इथपर्यंत. पुढच्या भेटीत ते झालं का ते बघायचं, जमलं नसेल तर दुसरी वाट काढायची. अशा साधारण सहा भेटी होतात. जीव देण्याचे विचार असतील, तर आजी ते आपल्यापाशी ठेवत नाही. वरच्या जाणकाराकडे पाठवते.

या उपचारात गरिबीला बाजूला सारलेलं नाही, ही त्यातली मला सर्वात पटणारी गोष्ट. थकलेलं भाडं हा बाईच्या मनाचा भ्रम नाही, ती खरी अडचण आहे आणि बाकड्यावर तिचाच विचार होतो.

२०१६ मध्ये या कामाची चाचणी अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. हरारेतले २४ दवाखाने, ५७३ रुग्ण. त्यात बहुसंख्य स्त्रिया होत्या आणि चाळीस टक्क्यांहून अधिक जण एचआयव्हीबाधित होते. अर्ध्या दवाखान्यांत बाकडं, उरलेल्यांत नेहमीचे उपचार आणि त्यात थोडी भर. सहा महिन्यांनी नेहमीच्या उपचारांच्या गटात सुमारे ५० टक्के लोकांना नैराश्याची लक्षणं होती. बाकड्याच्या गटात ती १४ टक्क्यांच्या आसपास आढळली.

हे आकडे वाचून ‘शेवटी आजीची माया’ असं म्हणायचा मोह होतो. तो आवरायला हवा. मायेच्या आज्या म्बारेत २००६ च्या आधीही होत्याच. नवं होतं ते प्रशिक्षण, ठरलेल्या पायऱ्या, न आलेल्या रुग्णाची केलेली विचारपूस आणि आज्यांच्या पाठीशी उभं असलेलं मार्गदर्शन. वयाचा मान आणि वस्तीतली ओळख या आज्यांच्या जमेच्या बाजू, पण त्या रुग्णाच्या कामी आल्या त्या शिस्तीमुळे. पुरुष बाकड्यापर्यंत फारसे येत नाहीत, ही उणीव मात्र त्या चाचणीतही दिसते.

सहा भेटी संपल्या की माणसाला एकटं सोडत नाहीत. कुबताना तोसे, म्हणजे एकमेकांचे हात धरलेलं मंडळ, त्यात त्याला सामील करून घेतात. बाकड्यावर बसून गेलेल्या बायका तिथे जमतात, बोलतात आणि बोलता बोलता टाकाऊ प्लास्टिकच्या पट्ट्यांपासून पिशव्या विणतात. पिशव्या विकून चार पैसे मिळतात.

हे काम नंतर मलावी, झांझिबार आणि न्यूयॉर्कमध्ये गेलं. न्यूयॉर्कच्या बाकड्यांवर आजीच्या जागी व्यसनातून बाहेर आलेली माणसंही बसली. ते मला योग्यच वाटतं, कारण ज्याच्यापाशी बोलावं असं वाटतं ती व्यक्ती प्रत्येक वस्तीत वेगळी असते. गोव्यात संगथनेही असेच स्थानिक समुपदेशक तयार केले. त्यांची पदवी मानसशास्त्राची नव्हती, आणि नैराश्याबद्दल ते बोलत ते ‘टेन्शन’ या घराघरातल्या शब्दात. २०१० ची संगथची चाचणी सांगते की, सरकारी आरोग्य केंद्रांत अशा समुपदेशकांचा स्पष्ट उपयोग झाला, खासगी दवाखान्यांत मात्र फरक दिसला नाही. तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी आखलेल्या छोट्या उपचारक्रमाचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले: तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आलेले होते, इतरांपैकी ३९ टक्के.

महाराष्ट्रात असं काम कुणी करायचं, हा विषय निघाला की सगळे आशाताईंकडे बघतात. बाळंतपण, लसीकरण, सर्वेक्षण हे सगळं आधीच त्यांच्या अंगावर आहे आणि मानधनासाठी त्यांना संप करावे लागले आहेत. दुःख ऐकण्याचं काम त्यांच्या यादीत आणखी एक ओळ म्हणून लिहायला माझा ठाम विरोध आहे. या कामासाठी वेगळा मोबदला हवा, त्यांचं ऐकून घेणारा जाणकार नियमित भेटायला हवा आणि जोखमीच्या रुग्णाला पाठवता येईल असा तज्ज्ञ तालुक्याच्या रुग्णालयात हवा. आशाताईंना शिकवायला त्यानंतर बसावं.