लोण्यात मुरलेला गुलाब

पुण्याहून परत निघालेल्या पाहुण्याच्या पिशवीत दोन गोष्टी हमखास सापडतात. बाकरवडी आणि श्रूसबेरी बिस्किटे. कॅम्पातल्या कयानी बेकरीने (ती निघाली १९५५ साली) हे दुसरे नाव पुणेकरांच्या जिभेवर असे रुळवले, की श्रूसबेरी हे इंग्लंडातले एक गाव आहे, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. १६५८ सालच्या एका इंग्रजी पाकपुस्तकात या गावच्या खाऊची कृती आहे. ती वाचून मी चकितच झालो. लोणी तास-दोन तास गुलाबपाण्यात ठेवावे, मग पाणी ओतून टाकून ते पिठात मिसळावे, असे त्यात सांगितले आहे. जोडीला आलेही आहे. आपल्याकडे पोचेपर्यंत गुलाब आणि आले वाटेतच गळले, लोणी तेवढे उरले!

या कृतीत मोठे शहाणपण आहे. सुगंध हा मुळात उडून जाणारा जीव. भट्टीची धग लागली की तो आधी बाहेर पडतो. पण लोण्यातुपात मुरला, तर बराचसा टिकून राहतो. आपल्या आयाआज्या रसायनशास्त्र शिकल्या नव्हत्या, तरी नानकटाईचे तूप फेसतानाच वेलदोड्याची पूड घालीत. केशर मात्र कोमट दुधात भिजवीत, कारण त्याचा रंग पाण्यादुधात उतरतो, तुपात उतरत नाही.

नानकटाईचे माप सोपे. वाटीभर तूप, वाटीभर पिठीसाखर, दोन वाट्या मैदा. घरात भट्टी नसायची, म्हणून सुट्टीत आम्ही मुले सामानाचा डबा घेऊन बेकरीत रांग लावायचो. सगळ्यांचे ट्रे एकाच भट्टीत जायचे आणि सगळ्यांची नानकटाई सारखीच दिसायची. वेगळा असायचा तो वास. आमच्या आईचा हात जायफळावर, शेजारच्या काकूंचा वेलदोड्यावर. डब्याचे झाकण उघडले, की डोळे मिटूनही घर ओळखता यायचे.

चहाची गोष्ट निराळी. वेल्समध्ये मनुका-बेदाणे रात्रभर चहात भिजवून 'बारा ब्रिथ' नावाचा गोड पाव करतात. आपण त्या फंदात पडलो नाही; सरळ बिस्किटच चहात बुडवले! इराण्याकडे मावा केकचा वेलदोडा आणि कपातला कडक चहा यांची गाठ पडते ती तोंडातच. हल्ली घरोघरी केक करणाऱ्या मुली चहाची पत्ती कोमट लोण्यात मुरवून गाळून घेतात. युक्ती तीच, साडेतीनशे वर्षांपूर्वीची.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या बेकऱ्यांना लाकूड-कोळसा सोडण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली, तेव्हा 'आता जुनी चव गेली' म्हणून अनेकांनी हळहळ केली. पावाच्या खरपूस कवचापुरते ते खरे असेलही. पण नानकटाईचा सुगंध काही लाकडातून येत नव्हता, आणि श्वास घ्यायला स्वच्छ हवा हवी, यावर वाद कसला?

जुनी चव हरवते आहे ती दुसऱ्याच वाटेने. व्हॅनिलाचा वास प्रयोगशाळेत तयार झाला १८७४ साली, जर्मनीत. आज त्याची बाटली प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. तो वास वाईट मुळीच नाही. पण दहा घरचे दहा केक हुंगले, तर कुठला कुणाचा हे सांगता येत नाही.

घरातल्या जुन्या वहीत तूप-साखरेची मापे लिहिलेली असतात. वेलदोडा-जायफळापुढे मात्र बहुधा एकच शब्द असतो, 'अंदाजाने'. तो अंदाज ज्यांच्या बोटांत आहे, त्या आज ऐंशीच्या घरात आहेत. येत्या सुट्टीत त्यांना ओट्याजवळ खुर्ची द्यावी, हाती किसणी द्यावी, आणि किती किसतात ते नीट पाहून घ्यावे.