मोटरीतली वीज जाते कुठे?



आमच्या वस्तीवर विहीर आहे. तिच्यावर विजेची मोटर आहे. रात्रपाळीची लाईट असली की अण्णा बॅटरी घेऊन दारं धरायला जातात. उसात सापकिरडू असतं. अण्णा घरी येईपर्यंत आईला झोप लागत नाही. मलापण लागत नाही. म्हणून मी ठरवले, की मोटरीला इतकी वीज लागते ती जाते कुठे, ते शोधायचे.

एकदा मोटर बंद केल्यावर अण्णांनी मला तिच्यावर हात ठेवू दिला. ती चांगलीच तापली होती. मी शाळेत विचारले, "गुरुजी, मोटरीचं काम पाणी चढवायचं. मग ती तापती कशाला?"

गुरुजी म्हणाले, "ऊर्जा नवी तयार होत नाही आणि नाहीशीही होत नाही. ती फक्त रूप बदलते. विजेचा काही भाग पाणी चढवायला लागला नाही. त्याची उष्णता झाली."

इंग्लंडमध्ये जेम्स जूल नावाचे शास्त्रज्ञ होते. १८४५ साली त्यांनी पाण्याच्या भांड्यात फिरती पाती बसवली. आपली ताकाची रवी असते तसे समजा. दोरीला बांधलेले वजन खाली आले की पाती फिरायची आणि पाणी घुसळून किंचित गरम व्हायचे. म्हणजे वजन खाली येण्याची ऊर्जा पाण्यात उष्णता होऊन बसली. ऊर्जेच्या मापाला त्यांचेच नाव आहे, जूल.

सातारा जिल्ह्यात कोयना धरण आहे. त्याच्या पाण्यावर १९६२ पासून वीज तयार होते. उंचावरचे पाणी बोगद्यातून खाली पडते, चक्र फिरवते आणि वीज होते. तिकडे पाणी खाली पडते आणि इकडे विजेने आपले पाणी वर चढते. गंमत आहे की नाही?

आमचे आजोबा सांगतात, पूर्वी मोट होती. बैल धावेवरून खाली गेले की मोट वर यायची. बैलाला कडबा लागायचा, मोटरीला वीज लागते. फुकट पाणी कुणीच चढवत नाही!

गुरुजींनी फळ्यावर हिशोब घातला. १०,००० लिटर पाणी १५ मीटर वर चढवायचे आहे. १ युनिट विजेचे १० भाग केले, तर त्याला निदान ४ भाग लागतात. आपल्या मोटरीने पूर्ण १ युनिट घेतले, तर १ रुपयातले ४० पैसे कामाला आले आणि ६० पैसे वाटेत सांडले. याला कार्यक्षमता म्हणतात. इथे ती १०० त ४० झाली.

मग मी आमच्या पाइपकडे बघितले. एका जोडातून पाणी उडत होते. मी खाली १५ लिटरची बादली ठेवली. ती १ मिनिटात भरली. पाइपाच्या तोंडाशी २०० लिटरचे पिंप ४० सेकंदांत भरले, म्हणजे मिनिटाला ३०० लिटर. गळतीचे धरून सगळे मिळून ३१५ लिटर. म्हणजे २१ बादल्या चढवल्या तर १ बादली वाया! ८ तास मोटर चालली, तर जवळजवळ २३ मिनिटे ती नुसत्या गळतीसाठी चालली.

अण्णा आधी म्हणाले, "२०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपाचं बिल माफ आहे. मग कशाला एवढा हिशोब?" मी म्हणालो, "अण्णा, बिल माफ आहे, पण रात्र माफ नाही."

अण्णा हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या ट्यूबची पट्टी लावून तारेने जोड आवळला. आता गळती नाही. भिजणे लवकर होते आणि अण्णा तेवढे आधी घरी येतात. आई म्हणते, "तेवढंच लवकर डोळा लागतोय."

मित्रांनो, तुम्हीही घरचा पाइप बघा. बादली लावा, मिनिटे मोजा आणि मोठ्या माणसांना सांगा. पण मोटरीला आणि वायरीला स्वतः हात लावू नका.

इयत्ता ४ थी, कळस