गाडी खाली बसवण्याचे गणित

गाडीचे वजन पेलते ती स्प्रिंग, आणि दबलेली स्प्रिंग किती वेळ डोलत राहणार हे ठरवतो शॉक अ‍ॅब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या बोलीतला शॉकअप. जुनी स्पोर्ट्स कार खाली बसवायची म्हटले की बहुतेकांचा हिशेब उंचीपासून सुरू होतो: किती इंच खाली? खरे तर उंची हे उत्तर आहे. प्रश्न दोनच असतात. चाकांवर वजन किती, आणि रस्ता कसला.

स्प्रिंगचे मूळ गणित देखणे आहे. गाडीच्या वजनाने स्प्रिंग २५ सेंटिमीटर दबत असेल, तर त्या स्प्रिंगवर गाडी डोलण्याचा वेग २५ सेंटिमीटर दोरीला टांगलेल्या लंबकाइतकाच असतो, सेकंदाला जवळपास एक हेलकावा. गाडी हजार किलोची असो वा चारशेची, दबण्याचे अंतर तेवढेच असेल तर डोलण्याची लयही तीच. दबणे ६ सेंटिमीटरवर आले की लय दुप्पट होते. सेकंदाला एक ते सव्वा हेलकावा माणसाला सुखाचा वाटतो. दोनच्या आसपास गाडी ‘कडक’ वाटू लागते. म्हणजे फूटपट्टीने मोजलेल्या एका अंतरातून गाडीचा स्वभाव कळतो. पदार्थविज्ञानात इतका स्वस्तात मिळणारा निष्कर्ष विरळाच.

वेटोळ्याच्या स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. १२ मिलिमीटरऐवजी १३ मिलिमीटरची तार घेतली की कडकपणा सुमारे ३८ टक्के वाढतो. वेटोळी कमी केली तरी तो वाढतो: आठ वेटोळ्यांतले एक कापले की १४ टक्के. पैसे वाचवायला अनेक जण हाच मार्ग धरतात, पण कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही. त्याहून वाईट म्हणजे गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून खाली बसवणे. पोलादाला दिलेले पाणी त्या उष्णतेने उतरते आणि स्प्रिंग पुढेही बसतच जाते. हा प्रकार कोणत्याही गाडीत करू नये.

खाली बसवल्याने नेमके मिळते काय, हे आकड्यांत पाहावे. ९०० किलोची गाडी घ्या. दोन चाकांमधली रुंदी १.३ मीटर, गुरुत्वमध्य ५० सेंटिमीटर उंचीवर. गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या जोराने वळण घेताना आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सुमारे १७३ किलो भार सरकतो. गाडी ३ सेंटिमीटर खाली आणली तर १६३ किलो. फायदा दहा किलोंचा. शर्यतीच्या मैदानावर दहा किलोंनाही किंमत असते, हे खरे. परंतु बाजारात ‘खाली गाडी म्हणजे चिकटून धावणारी गाडी’ असे जे सांगितले जाते, त्यातला मोठा वाटा कडक स्प्रिंग आणि चांगल्या टायरचा असतो, उंचीचा नव्हे. मॅकफर्सन पद्धतीच्या पुढच्या बांधणीत तर गाडी खाली आणली की ती ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते, तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली घसरतो. मग कलण्याची प्रवृत्ती उलट वाढते.

तोटा मात्र मोठा आहे. चाकाला वर जायला आधी ७ सेंटिमीटर जागा होती आणि त्यातली ३ गेली, तर उरतात ४. तोच धक्का ४ सेंटिमीटरमध्ये जिरवायचा तर स्प्रिंग सात भागिले चारच्या वर्गाइतकी, म्हणजे तिपटीने कडक हवी. तिप्पट कडक स्प्रिंग कोणी बसवत नाही. म्हणून गाडी रबरी थांब्यावर आदळते, आणि तो आदळ स्प्रिंगचा नसून थेट सांगाड्याचा असतो.

शॉकअपकडे इथेच वळावे लागते, आणि दुर्लक्षही त्याच्याकडेच सर्वांत जास्त होते. त्याचे काम डोलण्याची ऊर्जा बारीक छिद्रांतून तेल ढकलून उष्णतेत बदलण्याचे, म्हणजेच दमनाचे. हेलकावा एका झटक्यात थांबवण्यासाठी लागणारे दमन कडकपणाच्या वर्गमुळाने वाढते. स्प्रिंग ३८ टक्के कडक केली, तर शॉकअप साधारण १७ टक्के जोरकस हवा. जुना, थकलेला शॉकअप तसाच ठेवून त्याच्यावर नवी कडक स्प्रिंग चढवली, तर गाडी रस्त्यावर टिकण्याऐवजी उड्या मारते. लांबीही महत्त्वाची. मूळ लांबीचा शॉकअप खाली बसवलेल्या गाडीत आधीच अर्धा मिटलेला असतो, म्हणून आखूड शरीराचा घ्यावा. फ्रेंच अभियंता बुर्सिए द कार्बोन याने १९५०च्या दशकात एकाच नळीत तेलाला वायूच्या दाबाखाली ठेवण्याची रचना आणली. दाबामुळे तेलाला फेस येत नाही. खडबडीत रस्त्यावर तासन् तास तापणाऱ्या शॉकअपसाठी, त्यातही मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जाणाऱ्या चंद्रपुरात, ही रचना दुनळी शॉकअपपेक्षा सरस ठरते.

पुढची आणि मागची स्प्रिंग एकमेकींच्या तुलनेत कशी असावी, हे ज्याने शोधले त्या मॉरिस ऑलीचे नाव आज अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही क्वचितच ठाऊक असते. हा इंग्रज अभियंता रोल्स-रॉइसमधून १९३०मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक विभागात गेला. त्याने एका लांबलचक लिमोझिनच्या पुढे-मागे सरकवता येतील अशी वजने टांगली, स्प्रिंगा बदलत राहिला आणि माणसे बसवून विचारले: कसे वाटते? मोजमापाची उपकरणे त्या काळी याला पुरी पडत नव्हती, बसणाऱ्याचे शरीर हेच उपकरण. त्यातून निघालेले सूत्र असे: पुढची लय मागच्यापेक्षा मंद ठेवावी. उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो, मागच्यांना क्षणभराने. मागचा भाग जरा घाईने डोलला तर तो पुढच्याला गाठतो, आणि गाडी नाक वर-खाली न करता सपाट उठते-बसते. पुढे मऊ स्प्रिंग हवी म्हणून सलग आस सोडून पुढचे प्रत्येक चाक स्वतंत्र टांगण्याची गरज पडली. जनरल मोटर्सच्या १९३४च्या गाड्यांत ती रचना आली. आजची जवळपास प्रत्येक मोटारगाडी त्या वजने टांगलेल्या लिमोझिनची ऋणी आहे.

ऑलीचे सूत्र चंद्रपूर जिल्ह्यात रोज तपासायला मिळते. ताडोब्याच्या मोहर्ली किंवा कोलारा प्रवेशद्वारातून आत जाणारी मारुती जिप्सी १९८५मध्ये बाजारात आली. हिमालयातल्या शर्यतींत ती अनेक वर्षे धावली, म्हणून तिला जुन्या खेळगाड्यांत गणायला हरकत नाही. वजन साधारण एक टन, चारही कोपऱ्यांत पाट्यांच्या कमानी, दोन्ही आस सलग. सफारीला तिच्यात सहा पर्यटक, गाइड आणि चालक बसतात. हे पाचशे किलो, आणि त्यातला बराच भार मागच्या आसावर.

रिकाम्या गाडीत मागच्या कमानींवर ४०० किलो आहेत असे धरा, त्यांनी त्या ६ सेंटिमीटर दबतात, लय दोनची. मागच्या बाकांवर आणखी ४०० किलो बसले की कमान आणखी ६ सेंटिमीटर बसते आणि लय १.४वर येते. पुढचा भाग मात्र जवळपास आधीच्याच लयीत असतो. क्रम उलटला: मागचा भाग मंद, पुढचा चपळ. मागच्या बाकावरचे पर्यटक उसळतात ते याच कारणाने. उपाय म्हणून कमानीत एक पाटा वाढवला, की भरलेल्या गाडीचा क्रम सुधारतो आणि परत येणारी रिकामी गाडी आदळते. पाटे एकमेकांवर घासतात, त्या घर्षणातून थोडे दमन फुकट मिळते. पण धूळ आणि गंजाने घर्षण वाढले की लहान धक्क्यांना कमान हलतच नाही, धक्का सरळ अंगावर येतो.

सफारीच्या मातीच्या वाटांवर पडणाऱ्या आडव्या लाटा हा आणखी एक विषय. निकोला ताबेर्ले आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये दाखवले की कोरड्या वाळूवरून ठरावीक वेगापुढे फिरणारे चाक, स्प्रिंग नसली तरी, अशा लाटा पाडते. लाटा ६० सेंटिमीटरच्या असतील तर ताशी २० किलोमीटरला चाक सेकंदाला नऊदा उसळते, ३६ला सुमारे सतरादा. सलग आसाचे जड चाक साधारण १० ते १५च्या दरम्यान स्वतःच्या लयीत थरथरते. तिथे उंची, स्प्रिंग दोन्ही निरुपयोगी, फक्त शॉकअप कामाला येतो.

आता रस्ता. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद, १७ मीटर त्रिज्येचा. २.४ मीटर चाकांतराची गाडी त्यावर असताना पोटाखाली जेमतेम ४ सेंटिमीटर उंचवटा येतो, १२ सेंटिमीटर उंचीची गाडीही अलगद निघते. गावाच्या तोंडावर घातलेला मीटरभर रुंदीचा, १५ सेंटिमीटर उंच गतिरोधक मात्र अख्खाच दोन आसांच्या मधे शिरतो आणि सायलेन्सर घासतो. कोळशाचे आणि लोहखनिजाचे ट्रक ज्या रस्त्यांवर चालतात, तिथे चाकोऱ्या खोल जाऊन मधला पट्टा वर राहतो. घुग्घुस, आष्टी, एटापल्लीच्या बाजूला फिरणाऱ्या गाडीची उंची त्या पट्ट्याने ठरवावी. ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त खाली जाऊ नये, आणि मूळ उंची ठेवून चांगले शॉकअप घेणे हा पर्याय आधी आजमावावा.

निवडीचा क्रम यातून सरळ लागतो. भरलेल्या गाडीचे पुढचे-मागचे वजन काट्यावर मोजावे, हवी ती लय ठरवून स्प्रिंगचा कडकपणा काढावा, पुढची लय मंद ठेवावी, त्या कडकपणाला साजेसा शॉकअप निवडावा, आणि चाक थांब्यापर्यंत जायला किती जागा उरते ते पाहावे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीपत्रातल्या तपशिलांशी विसंगत बदलांना मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९च्या निकालात तेच अधोरेखित केले. म्हणून काम हाती घेण्याआधी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे.

बसवताना रबरी बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर असताना आवळू नयेत. चाके जमिनीवर, पूर्ण वजन कमानीवर आल्यावरच आवळावे, नाहीतर रबर कायम पिळलेले राहून लवकर फाटते. यू-क्लॅम्प काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. नवी स्प्रिंग थोडी बसते, म्हणून चाकांचा कल आणि दिशा त्यानंतरच जुळवून घ्यावी.