संत्र्याचा हंगाम आणि वेब अ‍ॅप: अ‍ॅनालिटिक्सचं टूल कोणतं लावायचं?

ऑर्डर घेणारं वेब अ‍ॅप तयार झालं की पहिला प्रश्न हाच येतो, “सर, अ‍ॅनालिटिक्सचं कोणतं टूल लावू?” टूलचं नाव थोडं बाजूला ठेवा. आधी कागदावर असे दोन प्रश्न लिहा, ज्यांच्या उत्तरावर तुम्ही पैसे खर्च करणार आहात.

आपल्या मोर्शी-वरुडचंच उदाहरण घेऊ. समजा, बगीचा व्यापाऱ्याला देण्याऐवजी तुम्ही संत्र्याच्या पेट्या नागपूर-पुण्याच्या गिऱ्हाइकाला थेट पाठवता. गिऱ्हाईक अ‍ॅपवर पेटी निवडतं, पिनकोड टाकतं, यूपीआयनं पैसे देतं. आंबिया बहराचा माल साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृगाचा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. उन्हाळ्यात अ‍ॅपवर कोणी फिरकत नाही. मग तुमचे प्रश्न असे असतील: “मागच्या आंबियापेक्षा यंदा पुण्याचं गिऱ्हाईक वाढलं का?” आणि “पिनकोड टाकल्यावर लोक काहून निघून जातात?” पहिल्याला वर्षभराचा जुना डेटा लागतो, दुसऱ्याला पायरीपायरीचा हिशोब.

आता गुगल अ‍ॅनालिटिक्स ४. फुकट आहे, बहुतेक जण हेच लावतात. जुन्या युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्सनं १ जुलै २०२३ पासून नवा डेटा घेणं बंद केलं, त्यामुळे युट्यूबवरचे त्याआधीचे बरेच व्हिडिओ आता कामाचे नाहीत. नवं टूल ‘इव्हेंट’वर चालतं, म्हणजे बटन दाबलं, पेटी निवडली, पैसे भरले अशा प्रत्येक कृतीची नोंद. वेब अ‍ॅपला हे सोयीचं, कारण तिथे बऱ्याचदा पान बदलतच नाही, त्याच पानावर सगळं घडतं. पण “पिनकोड टाकला” हा इव्हेंट आपोआप येत नाही. तो डेव्हलपरकडून टाकून घ्यावा लागतो, आणि हे काम अ‍ॅप बनवतानाच ठरवलेलं बरं.

यात एक सेटिंग असं आहे की ज्यामुळे अख्खा हंगाम हातून जाऊ शकतो. इव्हेंटचा तपशील किती दिवस ठेवायचा, हे सुरुवातीला फक्त २ महिन्यांवर असतं. तयार रिपोर्टमधले एकूण आकडे पुढेही दिसतात, पण ‘एक्सप्लोर’मध्ये जाऊन पायरीपायरीचा फनेल काढायला गेलात तर २ महिन्यांमागचं काही मिळत नाही. फुकटच्या आवृत्तीत ही मुदत १४ महिन्यांपर्यंत वाढवता येते. एका आंबियापासून दुसऱ्या आंबियापर्यंत १२ महिने, म्हणजे जेमतेम पुरतं! त्यातही ऑक्टोबरची तुलना नोव्हेंबर संपायच्या आत काढून ठेवा. एकदा पुसलेला डेटा परत येत नाही, म्हणून हे सेटिंग पहिल्याच दिवशी बदला.

दुसऱ्या प्रश्नासाठी मला मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटी जास्त आवडतं. तेही फुकट. गिऱ्हाईक कुठे थांबलं, कुठे बटन पुन्हापुन्हा दाबत बसलं, याचं रेकॉर्डिंग दिसतं. वीस रेकॉर्डिंग बघा, अडचण बहुतेक वेळा डोळ्यांनीच कळते. मात्र साधं रेकॉर्डिंग ३० दिवसच राहतं, त्यामुळे हंगाम चालू असतानाच बघायचं.

मॅटोमो स्वतःच्या सर्व्हरवर फुकट टाकता येतं आणि डेटा आपल्याच ताब्यात राहतो. पण सर्व्हरचं भाडं आणि सांभाळणारा माणूस, हा खर्च धरा. प्लॉझिबल हलकं आणि सोपं, कुकी न वापरणारं. त्यांच्या सर्व्हरवर घेतलं तर दर महिन्याला पैसे मोजावे लागतात. दिवसाला दहा-वीस ऑर्डर असताना माझ्या मते दोन्हींची घाई नको.

टूल कोणतंही घ्या, व्हॉट्सअ‍ॅपची भानगड राहतेच. तुम्ही ग्रुपवर लिंक टाकता, लोक तिथून येतात, आणि रिपोर्टमध्ये ते बहुतेक ‘डायरेक्ट’ म्हणून दिसतात. मग वाटतं, फेसबुकच्या जाहिरातीनंच सगळा धंदा आणला, आणि आपण तिकडेच पैसे ओतत राहतो. प्रत्येक ग्रुपच्या लिंकला वेगळा यूटीएम टॅग लावा. फुकट आहे, पाच मिनिटांचं काम.

विक्रीचा आकडा मात्र अ‍ॅनालिटिक्सवरून कधीच धरू नका. गिऱ्हाईक यूपीआय अ‍ॅपमध्ये जाऊन पैसे देतं आणि तुमच्या ‘धन्यवाद’च्या पानावर परत येतच नाही. पैसे खात्यात आले, पण टूलच्या हिशोबात विक्री शून्य! विक्री मोजायची ती स्वतःच्या ऑर्डरच्या डेटाबेसवरून आणि बँकेच्या जमेवरून.

आणि गिऱ्हाइकाचं नाव, मोबाईल नंबर, ईमेल अ‍ॅनालिटिक्समध्ये पाठवू नका. गुगलच्या नियमात ते चालत नाही. डेव्हलपरला विचारा, ऑर्डरच्या पानाच्या लिंकमध्ये मोबाईल नंबर तर जात नाही ना? तसं असेल तर टूल लावायच्या आधी ते काढून घ्या.

१४ महिन्यांचं सेटिंग अ‍ॅडमिनमध्ये ‘डेटा रिटेन्शन’ नावानं आहे. तिथे मुदत निवडल्यावर ‘सेव्ह’ दाबायचं विसरू नका.