तेल आधी, ठिणगी मागून

अलिबागेपासून श्रीवर्धनापर्यंतच्या किनाऱ्याने नारळी-पोफळीच्या वाड्यांतून हिंडणाऱ्यास एखाद्या जुन्या घराच्या पडवीलगत ताडपत्रीखाली झाकलेली मोटार अवचित दृष्टीस पडते. बहुधा ती फियाट, नाही तर तिचीच पुढली आवृत्ती पद्मिनी असते. वडिलांनी हौसेने घेतलेली, लेकीसुनांच्या बाळंतपणासाठी अपरात्री धावलेली ती गाडी भंगारात घालण्यास घरच्यांचे मन धजत नाही; आणि केव्हा तरी चार भाऊ एकत्र बसून वर्गणी करतात व तिचे एंजिन नव्याने बांधवून घेतात. अशा कुटुंबांसाठी हे चार शब्द आहेत. एंजिन जुळवून झाले म्हणजे काम संपले, असा पुष्कळांचा समज असतो. आमच्या मते खरी कसोटी तेथूनच सुरू होते. कारण वर्षभराचे श्रम आणि पैसा पहिल्या एका मिनिटात मातीस मिळू शकतो.

सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० व पद्मिनी या मोटारी बाहेर पडल्या. एंजिन चार सिलिंडरांचे, १०८९ घनसेंटिमीटरांचे, साधे आणि सोशिक. काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी, हे मुंबईतील समीकरण कित्येक दशके टिकले. सन २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून टॅक्सी म्हणूनही ती मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. टॅक्सी धावत होत्या तोवर सुटे भाग आणि जाणते मिस्त्री विपुल होते. आता दोन्ही दुर्मिळ होत जाणार. तस्मात् बिघडलेला भाग पुन्हा मिळेल, या भरवशावर राहता येत नाही.

पहिल्या मिनिटास एवढे महत्त्व का, हे समजून घेतले पाहिजे. एंजिनातील मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, ज्या बेअरिंगांत फिरतो त्यांस तो चालू स्थितीत जवळजवळ स्पर्शच करीत नाही. पंपाने दाबून पाठविलेल्या तेलाच्या अतिशय पातळ थरावर तो तरंगत असतो. नव्याने बांधलेल्या एंजिनात मात्र पंप कोरडा, नळ्या रिकाम्या आणि धातूवर धातू टेकलेला. जुळणीच्या वेळी मिस्त्रीने लावलेले वंगण क्षणभर पुरते. तेवढ्यात तेल पोहोचले नाही तर बेअरिंगे ओरबाडली जातात. बाहेरून काही दिसत नाही, पण एंजिनाचे आयुष्य तेथेच सरते.

म्हणून नियम एकच : तेल आधी, ठिणगी मागून. प्रथम चारही प्लग काढून ठेवावेत आणि एंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून ते कोठे अडत नाही ना, हे पाहावे. मग प्लग बाहेरच ठेवून, ठिणगीची तार सोडवून, स्टार्टरने थोडे थोडे फिरवावे. दहा-पंधरा सेकंद फिरवून स्टार्टरला विसावा द्यावा. दट्ट्यांवर दाब नसल्यामुळे बेअरिंगांवर भार येत नाही आणि पंप मात्र तेल ओढू लागतो. तेलाचा दिवा विझेपर्यंत, किंवा काटा चढेपर्यंत, हे चालू ठेवावे. झडपांच्या झाकणाखाली तेल पोहोचलेले डोळ्यांनी पाहावे, आणि मगच प्लग बसवावेत.

आमच्या किनाऱ्यावर आणखी दोन शत्रू आहेत. पहिला खारा दमट वारा. तो पेट्रोलच्या टाकीत गंज धरवितो आणि बांधून ठेवलेले एंजिन एक पावसाळा तसेच पडले तर सिलिंडरांच्या आतही शिरतो. दुसरा नवा आहे. २०२३ पासून आपल्याकडे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विकले जाऊ लागले. ते हवेतील पाणी शोषते आणि जुन्या रबरी नळ्या मऊ करते. तेव्हा टाकी धुवून घ्यावी, नळ्या नव्या घालाव्यात आणि वर्षानुवर्षे साचलेले पेट्रोल निर्दयपणे टाकून द्यावे. गरम एंजिनावर ठिबकणारी नळी म्हणजे आगीस निमंत्रणच. अग्निशामक हाताशी असावा, मुले दूर असावीत. पडवीत गाडी सुरू करणार असाल तर दारे सताड उघडावीत. धुरातील विषारी वायूस वास नसतो.

ठिणगीची वेळ पहिल्या दट्ट्याच्या दाबफेरीवर आधीच जुळवून ठेवावी आणि तारांचा १-३-४-२ हा क्रम पुन्हा तपासावा, म्हणजे एंजिन पहिल्या प्रयत्नातच धरते. उगाच घरघर करीत राहिल्याने सिलिंडरांच्या भिंतींवरील तेल पेट्रोलने धुऊन जाते.

येथे एका नाजूक गोष्टीचा उल्लेख करणे प्राप्त आहे. पुष्कळ घरांत दसऱ्याचा मुहूर्त धरलेला असतो, गुरुजी आलेले असतात, पाहुणे जमलेले असतात आणि मिस्त्री म्हणतो, "अजून तेल चढले नाही." अशा वेळी वडील मंडळींनी मिस्त्रीचे ऐकावे. हार घालावा, नारळ वाढवावा, पूजा मुहूर्तावरच करावी; किल्ली मात्र दुसऱ्या दिवशी फिरली तरी देवास त्यात उणे वाटणार नाही.

एंजिन धरताच दृष्टी तेलाच्या दिव्यावर असावी; काही सेकंदांत तो विझला नाही तर तत्काळ बंद करावे. कॅमशाफ्ट नवा असेल तर मिनिटास सुमारे २००० फेऱ्यांवर वीस मिनिटे चालू ठेवावे. मंद चालीवर कॅमपर्यंत पुरेसे तेल उडत नाही. आधुनिक तेलांत जस्ताचे प्रमाण कमी केलेले असते. यासाठी अधिक जस्ताचे तेल मुद्दाम आणावे. मग थंड होऊ देऊन झडपांचे अंतर पुन्हा पाहावे व तेल बदलावे. पहिले सात-आठशे किलोमीटर घाई नको. नवा बिडाचा तवा सुगृहिणी आधी तेलाने मुरविते आणि मगच त्यावर भाकरी टाकते. नव्या एंजिनासही तोच न्याय लावावा.

ज्यांनी ही गाडी घेतली त्यांपैकी कित्येक आज हयात नाहीत. जे आहेत त्यांस तिचा आवाज एकदा ऐकावयाचा आहे. तो आवाज एका संध्याकाळपुरता न राहता नातवंडांच्या कानी पडावा, असे वाटत असेल तर त्या दिवशी घाई करू नये.