'मी' लपवायचा कुठे?

मिशिगन स्टेट विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ जॅक हेदरिंग्टन यांनी 1975 मध्ये हेलियम-3 वर एक शोधनिबंध लिहिला. लिहिला एकट्याने, पण सवयीने सगळीकडे 'आम्ही' घालून. सहकाऱ्याने सावध केलं, की लेखक एकच असेल तर नियतकालिक 'आम्ही' चालवून घेत नाही, निबंध परत येईल. जमाना टाइपरायटरचा, अख्खा निबंध पुन्हा टाइप कोण करणार? हेदरिंग्टननी सोपा मार्ग काढला आणि दुसरा लेखकच जोडला : घरातला सयामी बोका चेस्टर. छापील नाव एफ. डी. सी. विलार्ड. यातली आद्याक्षरं 'फेलिस डोमेस्टिकस चेस्टर'ची, विलार्ड हे बोक्याच्या बापाचं नाव. 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'ने निबंध छापला. काही प्रतींवर सहलेखकाची सही म्हणून पंजाचा ठसाही उमटला. 1980 मध्ये तर एका फ्रेंच विज्ञान मासिकात बोकेबुवांच्या एकट्याच्या नावावर लेख आला!

फ्रेंच प्राध्यापकाला बोका लागत नाही. तिथे एकट्याने लिहितानाही 'आम्ही' म्हणायची जुनी रीत आहे, आणि तिला विनयाचं 'आम्ही' असंच म्हणतात. गंमत व्याकरणात आहे. क्रियापद अनेकवचनी, पण विशेषण एकवचनी, लेखिका असेल तर स्त्रीलिंगीसुद्धा. म्हणजे झूल बहुवचनाची, पण आत माणूस एकच, हे जाणकाराला लगेच कळतं. रशियन विद्वानही 'मी' टाळून 'आम्ही'च्या आड बसत आले.

युक्लिडने तर सगळ्यांनाच पुसून टाकलं. त्याच्या भूमितीत 'मी रेष काढतो' नाही की 'तू काढ' नाही. ग्रीक क्रियापदाचं रूपच असं, की रेष कोणीतरी आधीच काढून झालेली असावी!

आपल्याकडे कौटिल्याची तऱ्हा वेगळी. अर्थशास्त्रात तो आधीच्या आचार्यांची मतं मांडतो, ती खोडतो आणि मग स्वतःचं मत देतो, तेही 'असं कौटिल्य म्हणतो' अशा थाटात. नम्रपणा म्हणावा की रुबाब, ज्याचं त्याने ठरवावं. मी रुबाब म्हणेन.

वाचकाला जवळ घेण्यात मात्र भास्कराचार्यांचा हात धरणारा कोणी नाही. 1150 च्या सुमारासची 'लीलावती' हा गणिताचा ग्रंथ, पण प्रश्न विचारताना कधी मित्राला 'सखे', कधी हरिणाक्षी मुलीला हाक. भुंगे, हंस, मोर आणि साप अशा मंडळींवर उदाहरणं. गुणाकार-भागाकार शिकवताना वाचकाच्या डोळ्यांची तारीफ करणारं दुसरं क्रमिक पुस्तक दाखवा!

'मी'चा प्रश्न बाजूला ठेवला, तरी दुसरा उरतोच : बेधडक विधान करावं की जपून? रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइलने 1661 मध्येच सांगून टाकलं होतं, की आपल्या लिखाणात 'कदाचित', 'असं दिसतं' असे शब्द मुद्दाम पेरले आहेत. अनुमान पुढे चुकीचं ठरलं तर पंचाईत नको. आजचे शोधनिबंध अजून त्याच वाटेने चालतात.

लिखाणाची वळणंही भाषेगणिक बदलतात का? 1966 मध्ये अमेरिकन भाषातज्ज्ञ रॉबर्ट कॅप्लन यांनी चक्क रेघोट्या काढून दाखवल्या : इंग्रजी परिच्छेद सरळ बाणासारखा, पौर्वात्य लिखाण गोल गोल आत वळणारं, रशियन वेडंवाकडं. चित्र झकास, निष्कर्ष घाईचा. परक्या इंग्रजीत लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या निबंधांवरून अख्ख्या संस्कृतीचा नकाशा काढायचा म्हणजे फारच झालं. पुढे कॅप्लननी स्वतःही सूर सौम्य केला. 1987 मध्ये जॉन हाइंड्स यांनी जास्त कामाची गोष्ट मांडली : इंग्रजीत समजावून सांगण्याचा भार लेखकावर, जपानीत समजून घेण्याचा भार बराचसा वाचकावर. त्याच वर्षी मायकेल क्लाइन यांनी दाखवलं, की इंग्रजी वाचकाला जे विषयांतर वाटतं ते जर्मन विद्वानाला मुळीच खटकत नाही.

देशाइतकाच फरक विषयाविषयांत पडतो. केन हायलंड यांनी 8 विषयांतले 240 शोधनिबंध तपासले, त्यावरचा लेख 2005 चा. तत्त्वज्ञान, समाजशास्त्र अशा विषयांतले लेखक उघडपणे 'मी' म्हणतात. विज्ञान-अभियांत्रिकीवाले स्वतःला मागे ठेवतात.

आणि मराठी? आमच्याकडे तर दोन सोयी आहेत. 'आम्ही' म्हटलं की वाचक बाहेर, 'आपण' म्हटलं की वाचक आत. इंग्रजीला हे एका सर्वनामात जमत नाही. इतकं असून आपले प्रबंध 'प्रस्तुत संशोधकास असे आढळून आले' याच पालुपदावर अडून! ज्या इंग्रजीच्या धाकाने हे चालतं, तिथली अमेरिकन सायकोलॉजिकल असोसिएशनची (एपीए) लेखनशैली आज एकट्या लेखकाला सरळ 'मी' लिहायला सांगते. तेव्हा मार्गदर्शकांनो, पुढच्या प्रबंधातला 'मी' खोडण्याआधी लाल पेन जरा खाली ठेवा.