उपासनेतली पट्टी

ख्रिस्ती उपासनेत गाणाऱ्या-वाजवणाऱ्याची जागा मोठी अडचणीची असते. उभे राहायचे सगळ्यांसमोर, पण लोकांचे लक्ष आपल्यावर खिळू द्यायचे नाही. मैफलीत तबलजीची तिहाई जमून आली की दाद मिळते. उपासनेत त्याच तिहाईने मंडळीच्या तोंडातली ओळ सुटते.

कोल्हापुरात ख्रिस्ती उपासनागीतांची परंपरा जुनी आहे. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली येथे आले; शहरातले वाइल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचे. पाश्चात्त्य चालींवर बसवलेली मराठी गीते मिशनबरोबर आली. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग-ओवीच्या वळणाची भजने दिली. 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातून ती आजही गायली जातात. अलीकडे पेटी-तबल्याच्या जोडीला कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि गिटार आले, यूट्यूबवरची हिंदी गीते आली आणि 'वर्शिप लीडर' हा शब्दही रुळला. गडमुडशिंगीसारख्या करवीर तालुक्यातल्या गावांत भजन कानावर पडतच माणूस वाढतो. बुवा कितीही तयारीचा असो, धृपद झेलायला टाळकरी नसतील तर भजन उभे राहत नाही, हे येथे कोणाला शिकवावे लागत नाही.

उपासनेत गाणाऱ्या-वाजवणाऱ्याच्या अहंकाराची चर्चा मात्र बहुतेक वेळा चेहऱ्यावरून होते: कोण डोळे मिटून गातो, कोणाच्या डोळ्यांत पाणी येते. हे माप फसवे आहे. रडू आणता येते आणि हात उंचावण्याचीही सवय होते. खरा प्रकार दिसतो तो शनिवारच्या सरावात, पट्टी ठरवताना. तरुण गायकाला पांढरी चार किंवा पाच हवी असते, कारण अंतऱ्यात त्याचा आवाज तिथे खुलतो. कीबोर्डवाल्याचे काय, एक बटण दाबले की काम झाले. पण रविवारी अंतरा वर चढला की मागच्या बाकांवरचे आजोबा खालच्या सप्तकात उतरतात, बायका अर्ध्यात थांबतात आणि तिसऱ्या कडव्याला चार माइकच काय ते गात असतात. तेच गीत दोन-तीन स्वर खाली घेतले असते तर गायक थोडा फिका पडला असता आणि मंडळी गायली असती. अहंकार तपासायचा तो या दोन-तीन स्वरांत.

दुसरी जागा मिक्सरची. गिटारवाला मॉनिटरमध्ये आपला आवाज वाढवून घेतो, मग गायकाला स्वतःचे ऐकू येत नाही, मग तोही वाढवून मागतो. शेवटी स्पीकर शिट्टी मारतो आणि बोलणी साऊंडवाला खातो.

हा पेच कोल्हापूरचा किंवा आजचा नाही. संत ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनात कबुली दिली आहे की, गायलेल्या शब्दांपेक्षा गळाच जास्त भिडला तर आपल्या हातून पाप घडले असे त्याला वाटे. झ्युरिकमध्ये झ्विंग्लीच्या धर्मसुधारणेत उपासनेतले संगीतच बंद झाले. वादकांमधला हेवा मिटला, पण गाणेही गेले. १७०६ मध्ये आर्नस्टाट गावच्या चर्चमंडळाने आपल्या तरुण ऑर्गनवादकाला, बाखला, समज दिली: मंडळीच्या गीतात तो चमत्कारिक फिरती घालतो, परके स्वर मिसळतो आणि लोक गोंधळतात. ऑर्गन फार लांबवतो अशी तक्रार होती. सांगितल्यावर त्याने दुसरे टोक गाठून ते अगदीच आखडते घेतले, याचीही नोंद झाली. फुगलेला वादक ताबडतोब रुसूही शकतो, हे कोणत्याही गायनमंडळाला ओळखीचे वाटेल.

उलट बाजूचा दंभही कमी नाही. 'आम्ही काय, प्रभूच गाऊन घेतो' असे म्हणत सरावाला दांडी मारणारा नम्र नसतो, आळशी असतो. तेहतिसावे स्तोत्र वाद्य कुशलतेने वाजवायला सांगते. मानधन घेण्यावरूनही प्रामाणिकपणाचा निवाडा करणे बरोबर नाही. शनिवारी रात्री ऑर्केस्ट्रात वाजवून सकाळी वेळेवर आलेला, सुरात आणि बेताने वाजवणारा तबलजी फुकट पण बेताल वाजवणाऱ्यापेक्षा मंडळीच्या जास्त उपयोगाचा असतो. बाखही पगारावरच होता.

मानापमानावर जुना करार एक व्यवहारी तोड देतो. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात आसाफ, हेमान आणि यदूथून यांच्या घराण्यांतल्या २८८ निष्णात गायक-वादकांच्या पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरल्या. लहान-मोठा, गुरू-शिष्य असा भेद ठेवला नाही. आजच्या मंडळीतही लीडरची पाळी अशी फिरती ठेवता येईल. आणि शनिवारी पट्टी ठरवताना मंडळीतल्या एखाद्या आजीला आणि मधल्या वयाच्या एखाद्या काकांना माइकशिवाय आख्खे गीत म्हणायला लावावे. त्यांचा आवाज जिथे न ओढता पोहोचेल, तीच पट्टी रविवारी धरावी.